पोळ्याच्या दिवशीची सुट्टी

"बाई, जॉन्या उठत नाही," गोठा सांभाळणारा किसन फाटकातच म्हणाला. जाऊन पाहिलं. आमचा संकरित बैल जॉन्या मान टाकून बसला होता. डावी कूस फुगलेली, रवंथ बंद.

मुलांनो, ऐंशीच्या दशकात तुमची आजी बोरिवलीच्या एका संशोधन केंद्रात गुरांची डॉक्टर होती. आमच्याकडे दोनच बैल. जॉन्या आणि इगतपुरीकडच्या काटक डांगी जातीचा दुसरा, त्याला आम्ही डांगीच म्हणायचो. त्याच पेंढ्यातून डांगी जास्त पोषण काढतो का, हे आम्ही तपासत होतो. पेंढा खरं तर बैल पचवत नाही. त्याच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू पचवतात. म्हणून ऑपरेशन करून दोघांच्या कुशीला झाकणाची खिडकी बसवली होती. पेंढा भरलेल्या नायलॉनच्या पिशव्या आत सोडायच्या, दोन दिवसांनी काढून किती उरलं ते तोलायचं.

"काय खाल्लं यानं?"

किसननं मान खाली घातली. "काल पोळा होता ना. मागच्या वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया आल्या. म्हणाल्या, मुंबईत खरा बैल मिळतो कुठं? नाही कसं म्हणू?"

प्रत्येकीची एक पुरणपोळी. डांगीनं एक खाऊन तोंड फिरवलं. बाकीच्या सगळ्या जॉन्यानं संपवल्या. एवढं गोड आणि पिठाचं एकदम पोटात गेलं की आम्ल वाढतं. आधी जंतू मरतात, मग जनावर.

सोडा पाजला. फरक पडेना. तेवढ्यात प्रयोगाचे प्रमुख, आमचे सर आले.

"आतलं सगळं उपसते," मी म्हणाले, "आणि डांगीच्या पोटातला रस घालते."

"वेड लागलंय का मॅडम? दोघांचे जंतू एक झाले की तुलना कसली करणार? वर्षाचं काम आहे! थांबा जरा."

"थांबलो तर तुलनेला एकच बैल उरेल, सर."

सर वाटेतून बाजूला झाले. किसननं डांगीला धरलं. मी खिडकीतून खांद्यापर्यंत हात घालून जॉन्याचं पोट रिकामं केलं, धुतलं, आणि डांगीचा कोमट रस बादलीनं आत ओतला.

तिसऱ्या दिवशी जॉन्या रवंथ करू लागला. प्रयोग मात्र बंद पडला.

"किसनला मेमो द्या," सर म्हणाले. मी दिला नाही. बैलांना बाहेरचं काही घालू नये, अशी लेखी सूचना मी कधी काढलीच नव्हती. अहवालात चूक माझ्या नावावर लिहिली. पोळ्याच्या दिवशी मी स्वतः सुट्टीवर होते. अंधेरीला घरी, मातीच्या बैलांपुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवत.

प्रयोगाचं वेळापत्रक आखताना आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं.