ओटीवरची खडूची फुली

रेवदंड्याच्या बाजारात संध्याकाळी आपल्या फोटो स्टुडिओचं शटर ओढलं की बाळाजी थळे कुलूप तीनदा हिसडून बघतो. मग चार पावलं जातो, थांबतो, परत येतो आणि चौथ्यांदा हिसडतो. समोरचा पानवाला हे गेली पंचवीस वर्षं बघत आला आहे. एकदा त्याने सहज विचारलं, की शेठ, आत एवढं आहे तरी काय? झालं, त्या दिवसापासून बाळाजीने त्याच्याही टपरीवर नजर ठेवायला सुरुवात केली.

संशय हा त्याचा स्वभावच. मासेवालीने पापलेट ताजं आहे म्हटलं की हा खिशातून छोटी बॅटरी काढून गलफडात उजेड मारणार. फोटो छान आला असं कोणी म्हटलं की याला वाटणार, आता हा फुकटात दुसरी प्रत मागणार. कॅमेरा दुरुस्तीला मुंबईला नेला की कारागिराच्या समोर स्टुलावर दिवसभर ठाण मांडणार आणि उठताना कॅमेऱ्याचा नंबर डायरीतल्या नंबराशी ताडून बघणार. बायको सत्यवती म्हणते, माझाही नंबर त्या डायरीत असेल, मी बघितलेलं नाही इतकंच.

याला कारणही होतं म्हणा. चोविसाव्या वर्षी त्याने मुंबईहून एक जुनी लेन्स आणली. विकणाऱ्याने आईची शपथ घेतली होती. त्या लेन्सने बाळाजीने नागावचं एक अख्खं लग्न काढलं आणि रोल धुऊन आला तर नवरीच्या प्रत्येक फोटोत तोंडावर धुकं. लेन्सच्या आत बुरशी धरली होती. नवरीचा बाप काही बोलला नाही, नुसता अल्बम परत ठेवून निघून गेला. बाळाजी सांगतो, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती बॅटरी खिशात आली ती कायमची.

पण या संशयी डोळ्याने त्याला पोटाला मात्र घातलं. मांडवाच्या टोकाला उभं राहून, झूम लेन्स फिरवून, तो लांबच्या माणसाचा चेहरा त्याच्या नकळत जवळ ओढायचा. खांबाआड डोळे पुसणारी नवरीची आई, मानपानावरून फुगलेला मामा, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या जावा, सगळं त्याच्या फोटोत सापडायचं. माणसांत मिसळायचं नाही आणि माणसं मात्र सगळी बघायची, हे त्याला त्या लेन्सने दिलं होतं. म्हणून ती झूम त्याला जीव की प्राण होती.

आठ वर्षांपूर्वी मुलगी सुचिता कॉलेज संपवून त्याच्या हाताखाली आली. कामाला चोख, बोलायला कमी. लग्नात घरची माणसं ओळीने बसवली की बाळाजी डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे सरकत जायचा. ओटीवरून पायऱ्या, पायऱ्यांवरून अंगण, अंगणातून थेट माडाच्या बुंध्यापर्यंत. त्या झूममध्ये एवढी माणसं मावायला तेवढं लांब जावंच लागायचं. वळून म्हणून बघायचा नाही. आठ वर्षांत कुठे साधी ठेच लागली नाही, म्हणून चारचौघांत सांगायचा, माझ्या पाठीला डोळे हायत. त्याला एवढंच खटकायचं, की तो मागे सरकायला लागला की सुचिता मागून येऊन त्याच्या बॅगेचा पट्टा धरायची. बॅगेची चेन लावली आहे की नाही हे ती बघते, म्हणजे पोरीचा बापावर विश्वास नाही, असा त्याने अर्थ काढला होता.

यंदा पावसाळा सरला आणि गणपतीनंतर एका सकाळी बाळाजीने आपल्या लाडक्या झूममध्ये बॅटरी मारली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. खाऱ्या हवेने शेवटी डाव साधला होता. हवाबंद डबा, त्यातल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या, काही उपयोगाला आलं नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होणार, त्याआधी नवी लेन्स हवी. एकच घेता येण्यासारखी होती. बाळाजी म्हणाला तसलीच झूम घेऊ आणि सुचिताही हो म्हणाली.

नवरात्रात चौलला एक साखरपुडा होता. सुचिताला त्या दिवशी पनवेलला मैत्रिणीकडे जायचं होतं म्हणून बाळाजी एकटाच गेला. तिथे अंगणातून मागे सरकता सरकता तो सुपारीच्या वाडीतल्या पाण्याच्या पाटात सपशेल आडवा झाला. कॅमेरा हाताने वर धरला म्हणून वाचला, कंबर मात्र धरली. घरी त्याने सांगितलं, शेवाळ होतं, कोणीही घसरलं असतं. सत्यवतीने तेल गरम केलं.

चार दिवसांनी सुचिता म्हणाली, "बाबा, झूम नको. वाईड घेऊया."

बाळाजीचे कान टवकारले. महिनाभर झूमला हो म्हणणारी पोर एकाएकी उलटते म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार. वाईड लेन्स त्याला ठाऊक होती. जवळ उभं राहून अख्खी खोली तिच्यात मावते हे खरं, पण काठावरच्या माणसाला ती ताणते. हात काठावर आला तर लांबतो, डोकं आलं तर दुधीभोपळ्यासारखं दिसतं. तो म्हणाला, ती लेन्स खोटं बोलते, मला खोटारडं घरात न्हाय पायजे. सुचिता म्हणाली, महत्त्वाच्या माणसांना मध्ये बसवायचं. त्यावर त्याने विचारलं, अन् काठावर कोणाला बसवू, जावयाला? विषय तिथेच थांबला, पण याच्या डोक्यातला थांबला नाही.

त्याच आठवड्यात ओटीवर ती फुली दिसली. पायरीच्या अलीकडे, पांढऱ्या खडूने काढलेली, तळहाताएवढी. चोर घरं हेरून खुणा करून ठेवतात हे बाळाजीने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने ओल्या फडक्याने फुली पुसली, कोयंडा तपासला, शेजारच्या सोनूबाईला विचारलं, की तुमच्याकडे आली का अशी खूण? तिच्याकडे नव्हती. म्हणजे चोराने नेमकं यांचंच घर निवडलं होतं. दुसऱ्या दिवशी फुली परत आली, वीतभर डावीकडे सरकून. सत्यवतीला विचारलं तर ती म्हणाली, मला न्हाय ठाऊक, आणि तांदूळ निवडत राहिली. तांदळात खडा एक नव्हता. बाळाजीच्या लक्षात आलं, की घरातलीही सामील आहे.

तिसरा पुरावा त्याला लेन्सच्या डब्यातच सापडला. डब्यात एक अनोळखी लेन्स होती. डायरी काढून नंबर ताडला, आपला नव्हता. झाकणावर अलिबागच्या पियूषचं स्टिकर. हा पियूष तिकडे लग्नं करतो, ड्रोन उडवतो, तरुण आहे आणि गोड बोलतो, म्हणजे बाळाजीच्या हिशेबी तीन दोष झाले. त्याने फोन लावला. पियूष म्हणाला, "काका, वाईड आहे ती. सुचिताने आठवडाभर ट्राय करायला नेलीय. खारघरच्या जॉबसाठी हात बसवत असेल ना? विकायच्या फ्लॅटचे फोटो सगळे वाईडनेच काढतात."

बाळाजी फोन हातात धरून तसाच बसला. खारघरचा जॉब. आता सगळं जुळलं. पनवेलची मैत्रीण कुठली, ती नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. अलीकडे घराच्या मागे जाऊन चालणारे तिचे फोन, तिच्या कॉम्प्युटरवर त्याला दिसलेल्या रिकाम्या खोल्यांच्या तसबिरी. पोर बापाला सोडून चालली होती आणि जाताना लग्नसराईच्या नावाखाली आपल्या कामाची लेन्स बापाकडूनच घेऊन जाणार होती. राग आलाच, पण रागाखाली जे होतं ते जास्त वाईट होतं. त्याला तिला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि हे तिला सांगायची त्याची कधी तयारी झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत जातो म्हणून तो निघाला आणि पडवीच्या बाजूने परत येऊन खिडकीआड उभा राहिला. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहायची त्याला लाज वाटली नाही. सुचिताने ओटीवर भिंतीशी अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत मांडल्या. मग फुलीवर उभी राहिली आणि पियूषच्या लेन्सने त्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला. बघितला, मान हलवली, फुली पुसून तीन बोटं पुढे काढली आणि परत उभी राहिली.

बाळाजी पुढे आला. त्याने विचारलं, की आतापासूनच रिकाम्या खोल्यांचा सराव चाललाय का, आणि खारघरला कधी निघायचं ठरलंय?

सुचिता दचकली, पण तिने नजर चुकवली नाही. तुळशीचं लग्न झालं की, असं तिने सांगितलं. नोकरी पक्की झाली होती. सांगायचा रोज विचार करायची आणि रोज राहून जायचं. आईला ठाऊक होतं.

"अन् लेन्स माझ्याकडून न्यायची," बाळाजी म्हणाला.

"मला कशाला लेन्स? तिथं कॅमेरा, लेन्स सगळं कंपनीचं असतं. ही तुमच्यासाठी हाय."

तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि त्याला दंडाला धरून फुलीवर उभं केलं. त्याने डोळा लावला. अकराच्या अकरा खुर्च्या आत होत्या. त्याच्या मागे पायरीपर्यंत अजून दोन हात ओटी शिल्लक होती. मागे सरकायला नको, पायरी उतरायला नको, अंगणात जायला नको.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आठ वर्षं तुम्ही मागं सरकायला लागलात की मी तुमच्या मागं यायची, पट्टा धरून. विहीर आली की थांबवायची, पायरी आली की वळवायची. चौलला मी नव्हते तर तुम्ही पाटात पडलात. आता माझ्यानंतर मागं कोण हाय तुमच्या?"

आठ वर्षं ज्या हाताला बाळाजी बॅगेची चेन तपासणारा हात समजत होता, तो हात त्याला सांभाळत होता. पाठीला डोळे आहेत म्हणून ज्या गावात त्याने फुशारक्या मारल्या, त्या गावाला बहुतेक सगळं ठाऊकच असणार. त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला, खाली वाकून फुली बरोबर पायरीपासून किती हातांवर आहे ते मोजलं आणि डायरीत लिहून ठेवलं.

दिवाळीनंतर मांडव्याहून लाँच पकडून दोघं मुंबईला गेले. दुकानदाराने दोन्ही लेन्स काउंटरवर ठेवल्या. बाळाजीने दोन्हींत बॅटरी मारली. झूम त्याने हातात घेऊन जरा जास्त वेळ फिरवली, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्याचा चेहरा जवळ ओढून बघितला, आणि खाली ठेवली. वाईड द्या म्हणाला. दुकानदार म्हणाला, उत्तम निवड केलीत. ते ऐकताच बाळाजीने ती खोक्यातून परत बाहेर काढली आणि पुन्हा एकदा बॅटरी मारून बघितली.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सुचिताची बॅग ओटीवर येऊन बसली आणि अलिबागची रिक्षा अंगणात येऊन उभी राहिली. बाळाजीचे भाऊ-भावजया, त्यांची मुलं, सत्यवती, सुचिता, सगळे मिळून अकरा. बाळाजीने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. फुली सकाळीच त्याने स्वतः नव्याने काढली होती. सुचिता बॅगेजवळची काठावरची खुर्ची धरून बसली. मध्ये ये, तिथं बसलीस तर ताणली जाशील, असं त्याने दोनदा सांगितलं. ती म्हणाली, इथंच बरं हाय.

त्याने डोळ्याला कॅमेरा लावला. सगळे मावत होते. पण चाळीस वर्षांची सवय, बोट दाबता दाबता पाय आपोआप एक पाऊल मागे गेला, मग दुसरं. टाच पायरीच्या कडेला लागली. त्याच क्षणी अकराही माणसं खुर्च्यांतून अर्धी उठली. बाळाजी थबकला. बोट मात्र दाबलं गेलं होतं.

तो फोटो आता स्टुडिओत, गल्ल्याच्या वर लावलेला आहे. फोटोत एकही माणूस धड बसलेला नाही. सत्यवतीचं तोंड उघडं आहे, भावाचा चष्मा घसरलाय, आणि डाव्या काठावर सुचिता पुढे झेपावली आहे, तिचा हात फोटोतून अर्धा बाहेर आल्यासारखा, खांद्यापासून बोटांपर्यंत नको तेवढा लांब. बाळाजीने आयुष्यात असा फोटो कुणाला दिला नसता. सत्यवतीलाही नवल वाटलं, की फ्रेम करायला हाच कसा निवडला.

सुचिता रविवारी फोन करते. हा आधी विचारतो, खोली आतून कडी लावून घेतेस ना, आणि मग लेन्स बरी चालते म्हणून सांगतो. लग्नांत तो आता माणसांच्या गराड्यात, ओटीच्या मध्येच उभा असतो. मागे कोण आहे ते मात्र वळून बघतो, प्रत्येक वेळी.

परवा एक शिकलेला मुलगा पासपोर्टच्या फोटोला आला. भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला, "काका, वाईडमुळे त्या ताईंचा हात जरा जास्तच लांब आलाय, नाही?"

"न्हाय," बाळाजी म्हणाला, "तो तेवढाच हाय." आणि त्याला हनुवटी थोडी वर करायला सांगितली.