घरच्यांचे रोट

नव्वदच्या आसपास आमची पलटण काश्मीरमध्ये होती. पोस्ट नऊ हजार फुटांवर. मी हवालदार, सेक्शन कमांडर, मूळचा सांगलीकडचा. आमचा महाराष्ट्र नाशिकला संपायचा. त्याच्या पुढेही मराठी माणसं राहतात, हे मला लान्स नायक राजधर पाटीलनं शिकवलं. तो जळगाव जिल्ह्यातला, चोपड्याजवळचा. केळी आमची, भरीत आमचं, खरं ऊनसुद्धा आमचंच, असा त्याचा रोजचा पाढा. आम्ही त्याला 'ऊनवाला' म्हणायचो.

त्या श्रावणात तो रजेवरून परतला तो फडक्यात रोट बांधून. गव्हाचे, जाड, कडक. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते, त्या देवीचा हा प्रसाद. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्यांचे रोट करायचे आणि पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. परक्याच्या तोंडात कण जाता कामा नये. राजधरचा वाटा त्याच्या आईनं बांधून दिला होता.

तो आमच्याकडे पाठ करून रोज एक रोट खायचा. माझं टाळकं सटकलं. "दुसऱ्यांच्या पार्सलवर तुटून पडतोस आणि स्वतःचं लपवतोस? पलटणीत माझं-तुझं नसतं."

चिडला की तो अहिराणीत शिरायचा. "भाऊ, हाऊ रोट घरना शे. बाहेरना माणूसले देतस नही."

मी त्याला कंजूष ठरवून मोकळा झालो.

दोन दिवसांनी आम्ही पाच जण पेट्रोलिंगला निघालो. मी, राजधर, थॉमस, यासीन आणि कांबळे. सकाळी सहाला नाला ओलांडला, तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. दुपारी एकच्या आत परतायचं होतं. अकराला वर डोंगरात ढगफुटी झाली आणि साडेबाराला नाला डोक्यावरून वाहू लागला. रेडिओवर कळवलं.

"नाला बंद. ओलांडता येत नाही. ओव्हर."

"जागेवर थांबा. ओव्हर."

रेशन एका वेळचं. तो दिवस गेला, पुढचा पूर्ण दिवस गेला. दुसऱ्या संध्याकाळी थॉमसला सडकून ताप भरला होता आणि पाचही जणांची पोटं पाठीला लागली होती. राजधरनं पिशवीतून फडकं काढलं. तीन रोट उरले होते. त्यानं मोडून पाच वाटे केले.

"ल्या. बठ्ठा जण खा."

"आणि तुझी कानबाई?" मी विचारलं.

"तिले मी सांगसू."

आम्ही खाल्लं. तो सगळ्यांच्या शेवटी जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पाणी कंबरेपर्यंत उतरलं. राजधर तापीत पोहायला शिकलेला. कमरेला दोर बांधून तो पहिला गेला. ऑर्डर माझी होती. पलीकडच्या खडकाला त्यानं दोर बांधला. यासीन आणि कांबळे पार झाले. मी थॉमसला पुढे घालून निघालो आणि मध्यावर थॉमसचा हात सुटला. राजधर पुन्हा पाण्यात उतरला, या वेळी कमरेला दोर नव्हता. थॉमसला त्यानं काठावर ढकललं आणि तो स्वतः वाहून गेला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. संध्याकाळी खाली वळणावर तो सापडला.

पुढच्या श्रावणात मी रजा काढून जळगावला उतरलो. माझ्या डब्यातले पर्यटक अजिंठ्याची गाडी शोधायला धावले. जळगावला उतरतात आणि खानदेशाला पाठ दाखवतात, शहाणी माणसं. मी चोपड्याची एसटी धरली. तापीचा पूल, काळी जमीन, संपता संपत नाहीत अशा केळीच्या बागा आणि उत्तरेला सातपुडा. राजधर एका शब्दानंही फेकत नव्हता. शेजारी बसलेल्या एका आबांनी कोणाकडे, कशाला, सगळं विचारून घेतलं. राजधरचं नाव ऐकल्यावर माझी बॅग त्यांनीच उचलली आणि मला दारापर्यंत आणून सोडलं.

शनिवार होता, दुसऱ्या दिवशी कानबाई. राजधरची आई ओसरीवर परातीपुढे बसून रोटांचे गहू मोजत होती. गाव तिला अक्का म्हणे. शेजारी राजधरचा थोरला भाऊ नाना. मी गोळीला भ्यालो नाही, पण त्या ओसरीवर भ्यालो. मरणाची बातमी घरी पोचली होती, रोटांची नव्हती. पोरानं नेम मोडला म्हणून देवीनं त्याला नेलं, असं या माउलीच्या मनानं घेतलं तर? पण तिच्यापासून लपवून तिच्या घरचं पाणी पिणं मला जमलं नसतं. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

नाना खाली बघत म्हणाला, "नेम मोडना, अक्का."

अक्कानं मला विचारलं, "त्यानी खादा का?"

"खाल्ला. सगळ्यांना देऊन मग खाल्ला."

तिनं पदरानं डोळे पुसले. "उपाशी नही गया," ती नानाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चारी जणना नाव सांगा."

"अक्का, ह्या परका शेतस," नाना म्हणाला.

"मन्हा पोऱ्यानी रोट वाटी दिधात. मी का मोडू?"

मी नावं सांगितली. थॉमसचं तिनं दोनदा विचारून घेतलं. प्रत्येक नावाला सव्वा मूठ गहू परातीत पडले. नाना उठला. त्यानं मला बसायला घोंगडी दिली.

चार नावं झाली. अक्काचा हात गव्हात तसाच राहिला.

"भाऊ," ती मला म्हणाली, "त्यानी मूठ कोन खाई?"

मी रडलो. फौजेत शिरल्यापासून पहिल्यांदा, आणि मला त्याची लाज वाटली नाही. म्हणालो, "मी खाईन, अक्का."

तिनं राजधरचं नाव घेतलं आणि मूठ भरली.

आता अक्का नाही. मूठ नानाची बायको भरते. श्रावणात मी चोपड्याला जातो आणि दोघांचा वाटा खातो. वय झालंय, एवढं पोटात मावत नाही. मग माझा वाटा थोडा उरतो, तो नाना संपवतो. राजधरचा उरत नाही.