बैलाचे दात आणि अमेरिकेचं पाकीट

चहा घ्या आधी. अमेरिकेचा व्हिसा हातात आल्यावर मी जो पराक्रम केला, तो ऐकताना हातात काहीतरी धरलेलं बरं. नाहीतर तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल!

साठच्या दशकाची अखेर. मी नवाकोरा इंजिनियर, गाव जळगाव जामोद. तेव्हा अमेरिका आमच्यासारख्यांना कायमचं राहायला बोलावत होती, म्हणून मीही अर्ज ठोकला. अर्ज सोपा हो! पण त्याच्यामागची वरात? जन्माचा दाखला, बुलढाण्याहून पोलिसांचा दाखला, मुंबईत डॉक्टरची तपासणी, छातीचा एक्स-रे. आणि जागोजागी फी! बाबा भाजीपाला पिकवून बाजारात विकणारे. त्यांना हा हिशेब शेवटपर्यंत पटला नाही.

"अर्ज घ्याचे पैसे येगळे, व्हिसा द्याचे येगळे? काऊन बे? आपून गिऱ्हाइकाले वांगे देतो, त पिशवीत टाकाचे पैसे येगळे घेतो का?"

कुरकुरले, पण दिले.

आणि एक दिवस मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होऊन मला व्हिसा मिळाला! तिथल्या बाईंनी एक मोठं, जाडजूड, तपकिरी पाकीट हातात ठेवलं. चारी बाजूंनी बंद. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा मला वाटत होतं, आज एस.टी.नं माझ्यासाठी वेगळी गाडी सोडायला हवी!

घरी पोचलो तर अंगणात ही गर्दी. बाबा म्हणाले, "दाखव व्हिसा."

मी पासपोर्ट दिला. त्यांनी पानं उलटली. कोरी!

"त्यात नाही, बाबा. पाकिटात आहे."

"मंग उघड पाकीट."

"ते बंदच असतं."

"बंद?" बाबा उठून उभेच राहिले. "इतके पैसे घेतले अन् बंद पाकीट देल्लं? अन् तू घेऊन आला? अबे, बैल घ्याले जातो त आपून दात पाह्यतो! तू त तोंड बांधलेला बैल घेऊन आला!"

अंगण खदाखदा हसलं. शेजारचे गणपतकाका काळजीनं म्हणाले, "अंदर रद्दी त नसंन ना?"

झालं! भर अंगणात इंजिनियरची अब्रू! तुम्ही असता तर काय केलं असतं? मी पाकिटाची कड धरली आणि टर्रकन फाडली.

आधी बाहेर आला एक्स-रे. बाबांनी तो उन्हात धरला. बायका डोक्यावरचा पदर सावरत पुढं आल्या. गणपतकाकांनी माझ्या बरगड्यांवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, "पोट्टं बाहेरून वाळकं दिसते, पन अंदरून मजबूत हाय!"

मायनं हळूच विचारलं, "यात तुवं काळीज कोन्तं रे?"

मी दाखवलं. ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि बरोब्बर तिथं बोट टेकवलं. "लेकरू दूर जाऊन राह्यलं माय," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले.

माझेही भरून आले. म्हणून मान खाली घातली, तर पायाशी पाकिटाची फाटकी पट्टी. तिच्यावर अर्धी ठळक इंग्रजी अक्षरं. हातातल्या पाकिटाला जोडून वाचली. पाकीट उघडू नये, उघडल्यास व्हिसा चालणार नाही! मी नेमकं त्यातूनच फाडलं होतं. 'उघड' माझ्या हातात राहिलं होतं आणि 'नको' जमिनीवर पडलं होतं!

परत मुंबई. या वेळी बाबा बरोबर. रेल्वेत मी रात्रभर सबबी जुळवत होतो. पाऊस? चोर? शेवटी उंदीर पक्का केला.

वकिलातीतला गोरा साहेब मोठा गंभीर. शेजारी त्याचा मराठी कारकून. साहेबानं एक्स-रे उजेडात धरला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "छातीत हे काय? आधी तर नव्हतं!"

घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "उंदीर, सर!"

कारकुनानं उंदराचं इंग्रजी केलं. साहेब दचकला, "छातीत?"

बाबांना उंदीर तेवढा कळला. मला बाजूला सारून ते पुढं झाले. "साहेब, उंदीर-फुंदीर काई नाही. ते पोट्ट्याचं काळीज हाय, त्याच्या मायनं कुंकू लावलं. अन् पाकीट म्याच उघडाले लावलं. तुमच्याकडं बैल घेतानी दात पाह्यतात का नाही?"

कारकुनानं चाचरत भाषांतर केलं. साहेबानं डागावर अंगठा फिरवला, लाल झालेला अंगठा पाहिला आणि खुर्चीत मागं रेलून असा हसला, की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले! म्हणाला, "माझे वडील घोड्याचे पाहायचे."

संध्याकाळी नवं पाकीट तयार!

"याची फी?" बाबांनी छाती पुढं काढून विचारलं.

"काही नाही," कारकून म्हणाला.

"मंग जुन्या फीतले काई वापस?"

मी त्यांना ओढतच बाहेर आणलं. पण रस्त्यावर त्यांची चाल पाहायला हवी होती तुम्ही! "पाह्य बे! एका फीत दोन पाकिटं आनले!"

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी ते पाकीट पोत्याच्या कापडात घालून सुतळीनं चौफेर शिवलं. मायनं बजावलं, "कोनी काई म्हनो, हात लावू नोको."

न्यूयॉर्कच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ते गाठोडं उलटंपालटं केलं, शिवण उसवायचा प्रयत्न केला, हरला, आणि कात्री माझ्याकडे सरकवून म्हणाला, "उघडा."

मी हात मागं बांधले. "नाही सर! मी नाही उघडणार!"

त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मागं रांग खोळंबली. आणि मी ताठ मानेनं, अमेरिकेच्या दारातच उभं राहून, अमेरिकन सरकारचा दुसराही हुकूम मोडत होतो!