गालिच्याला पाणी लावायचं नाही

जुन्या गालिच्यांच्या त्या दुकानात तिला सगळे कुंचलेबाई म्हणत. ते काही तिचं आडनाव नव्हतं. हातात सदा बारीक कुंचला, बोटांना लाल-निळे डाग आणि नखांच्या कडेला कितीही घासली तरी न जाणारी जांभळट रेघ, एवढ्यावरून कुणीतरी कधीतरी नाव पाडलं आणि ते चिकटलं. बसायची ती मागच्या खोलीत, खिडकीखाली. गिऱ्हाइकांना ती दिसत नसे, आणि दिसू नये याची मालकाने नीट सोय केली होती.

पुढे दोन दालनं होती. एकात युरोपातले जुने गालिचे. मधोमध फुलांचा मोठा गोल, फिका गुलाबी, फिका हिरवा, गुलाबाच्या पाकळीखाली पडलेली सावलीसुद्धा विणलेली. दुसऱ्यात पूर्वेकडचे. गडद लाल, गडद निळे, काठाच्या आत काठ, काठात पक्षी आणि मधे वाफे पाडलेल्या बागा. मालक म्हणायचा, "युरोपचा गालिचा दारात उभं राहून बघायचा. पूर्वेकडचा बघायचा तर त्यावर बसायला लागतं. जिथे बसाल तिथून बाग सुरू होते." मालक दिवसभरात बरंच बोलायचा, आणि त्यातलं एवढंच काय ते खरं होतं. कुंचलेबाईला ते मनापासून पटायचं. जेवणाच्या सुट्टीत ती त्या दुसऱ्या दालनात चपला काढून जायची आणि एखाद्या गालिच्यावर नुसती बसून राहायची. निळ्या पट्ट्यात निळा रंग मधेच फिका झालेला दिसला की तिला फार बरं वाटे. इथे कुणा बाईची लोकर संपली असणार, नवी रंगवलेली जराशी फिकी निघाली असणार, आणि "असू दे" म्हणत तिने पुढे विणलं असणार.

गाठी मारायला तिला आत्याने शिकवलं होतं. गालिच्याची लव झिजून खालचे पांढरे धागे उघडे पडले की तिथे जुन्या लोकरीची एकेक गाठ मारून लव पुन्हा उभी करायची. तळहाताएवढ्या जागेला महिना सहज जाई. काम झालं की आत्या ते धुवायला लावी. धुऊन टिकलं तर रफू, नाहीतर नुसती थापाथापी, असं तिचं म्हणणं. मालकाला महिना परवडेना. एक दिवस त्याने रंगाच्या बाटल्या पुढ्यात आणून ठेवल्या. "पांढरं दिसतंय ना, ते रंगवून टाका. गिऱ्हाईक काय भिंग घेऊन येतंय?" पहिल्यांदा तिने कुंचला तीनदा खाली ठेवला. दुसऱ्यांदा एकदाच. मग असे दिवस आले की रंगवलेली जागा तिची तिलाच सापडेना, आणि त्याचा तिला चक्क अभिमान वाटू लागला. माणूस कशाचा अभिमान बाळगेल याला काही धरबंध नाही.

बागेचा तो गालिचा आला तेव्हा मात्र ती हळहळली. मधून पाण्याचे पाट, पाटांच्या दोन्ही अंगांना फुलझाडं, मध्यावर चौकोनी हौद आणि हौदाच्या कडेने लाल फुलांची रांग. नेमकी तिथेच लव पार गेली होती. कुणाच्या तरी घरी वर्षानुवर्षं तिथे खुर्ची असावी.

"ह्याला गाठी मारू द्या मला," ती म्हणाली.

"संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय," मालक म्हणाला.

रंग पक्का बसवायचा तर वाफ द्यावी लागते, नीट वाळवावं लागतं. तेवढाही वेळ नव्हता. तिने कच्चाच रंग भरला. आणि असा कच्चा माल दुकानाबाहेर पडताना मालक जे दर वेळी सांगायचा, तेच त्याने सांगितलं, "अस्सल जुनी वस्तू आहे बरं का. पाण्याचा थेंब लावायचा नाही." तो गालिचा जन्मभर पाण्याने धुतला गेलेला होता, म्हणून तर त्याच्या रंगांना ती झळाळी होती. पण पाणी मालकाच्या मुळावर येणारं, म्हणून त्याने ते गालिच्याच्या नावावर खपवलं. मागच्या खोलीत कुंचलेबाईने हे ऐकलं आणि कुंचले धुवायला घेतले. घेणारं कोण, हे तिने विचारलं नाही. ती कधीच विचारत नसे. चेहरा माहीत नसला की मनाला बरं पडतं.

आणि मग एका रविवारी लेकीच्या सासरहून बोलावणं आलं. विहीणबाई म्हणजे जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून राबलेली ताठ बाई. स्वतःसाठी म्हणून तिने कधी काही घेतलेलं कुणाला आठवत नव्हतं. "एक गंमत दाखवायचीय, लगेच या," एवढाच निरोप होता.

गंमत दारातूनच दिसली. पाट, फुलझाडं, हौद. कुंचलेबाईची नजर आधी हौदाच्या कडेवर गेली.

"तुमच्याच दुकानातला!" विहीणबाई लहान मुलीसारखी हसत होती. "मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, आधी घरी आणू, मग जाणकाराला दाखवू. तुमचं दुकान म्हणून डोळे झाकून घेतला बघा."

घरात गालिच्याचं राज्य सुरू झालं होतं. चपला पायरीवर. पाणी प्यायचं ते स्वयंपाकघरात उभं राहून, आणि हात कोरडे करूनच बाहेर यायचं. जावई बिचारा भांडं घेऊन ओट्याशी असा उभा होता, जसा शाळेत वर्गाबाहेर काढलेला मुलगा. विहीणबाई स्वतः गालिच्यावर मांडी घालून बसली, शेजारची जागा थोपटून तिने कुंचलेबाईलाही बसवलं.

"ही हौदाकडची फुलं बघा. सगळ्यांत ही आवडली मला. एवढी वर्षं झाली, तरी रंग कसा आत्ता दिल्यासारखा!"

कुंचलेबाईने दोन्ही हातांच्या मुठी करून नखं आत लपवली.

"काय, फसले तर नाही ना मी?"

"छान आहे हो गालिचा," ती म्हणाली. आणि गालिचा छान होताच, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. असल्या वेळी कसे अगदीच खोटे नसलेले शब्द सापडतात!

लेकीने तान्हीला आणून हौदाशेजारी बसवलं. नातीला दात येत होते, तोंडाची धार लागलेली. विहीणबाईने नातीपुरती पाणीबंदी उठवली होती. ती पोर मूठ चोखायची, ओल्या हाताने फुलांवर थापट्या मारायची, पुन्हा मूठ तोंडात. मोठी माणसं बोलत राहिली. मग विहीणबाई ओरडली, "अगं बाई, रक्त!"

पोरीचे तळवे लाल, हनुवटी लाल. विहीणबाईने तिला उचललं, तोंडात बोट घालून हिरड्या बघितल्या, तळवे उलटेसुलटे केले. हात सराईत होते. "कुठे लागलं नाहीये," ती म्हणाली आणि थांबली. लेकीच्या खांद्यावरचा पांढरा रुमाल तिने ओढून घेतला, कोपरा ओला केला आणि खाली वाकून हौदाच्या कडेवर घासला. रुमाल लाल झाला.

कुंचलेबाईला बोलायला वेळ होता. भरपूर होता. ती त्या रुमालाकडे बघत राहिली.

लेकीने आईकडे बघितलं. लहानपणी ह्याच लाल बोटांनी तिला घास भरवले होते, तिला काही सांगावं लागत नव्हतं. ती पुढे झाली. "अहो आई, माझ्याच हातून झालं," ती सासूला म्हणाली. "सकाळी पाणी सांडलं इथे. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. त्यानेच रंग सुटला असेल."

विहीणबाईचा चेहरा पडला. "एक गोष्ट सांगितली होती गं मी ह्या घरात," ती हळू म्हणाली. "एकच. आणि वर लपवलंस? तुझ्यावर पोर सोपवून आम्ही निर्धास्त असतो, ते असंच का?" मग ती कुंचलेबाईकडे वळली. "तुम्हीच सांगा विहीणबाई. जुन्या गालिच्याचा रंग पाण्याने जातो ना?"

लेक मान खाली घालून उभी होती.

"जातो," कुंचलेबाई म्हणाली.

त्यानंतर चहा आला. तो तिने घेतला, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. निघताना लेक फाटकापर्यंत आली. कुंचलेबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर लेकच म्हणाली, "राहू दे आई. तुला बोलता येणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर मी बोलले." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर पुष्कळ बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिने हात धुतले, साबणाने, मग दगडाने. नखाकडची रेघ जिथल्या तिथे. आजवर ती समजत होती की लेकीला आईच्या हातच्या कामाचं कौतुक आहे. लेकीला आई पुरती कळलेली होती, आणि कळूनही ती आईला पाठीशी घालत होती. शरमेने कुंचलेबाईला आपल्याच घरात बसायला जागा सापडेना. आणि तो कच्चा रंग नातीच्या पोटात गेला होता, हे तर तिला आत्ता, घरी आल्यावर सुचत होतं. तिथे तिला आधी आठवलं होतं ते दुकान, मग स्वतःचं नाव.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. आत्याची सुयांची डबी आणि जुन्या लोकरीच्या लडी पिशवीत घालून लेकीच्या दारात उभी राहिली. दार विहीणबाईने उघडलं.

"तान्ही बरी आहे ना?"

"खेळतेय. का हो?"

"गालिचा मागच्या अंगणात घ्यायचाय. आणि नळी जोडून द्या."

"वेड लागलं का तुम्हाला? पाणी?"

"पाणीच," कुंचलेबाई म्हणाली. "काल मी खोटं बोलले. जुना रंग पाण्याने जात नाही. जातो तो माझा असतो."

विहीणबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने नजर खाली वळवून समोरच्या बाईची बोटं बघितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट. तिने गालिच्याचं एक टोक धरलं.

अंगणात फरशीवर गालिचा पसरून कुंचलेबाईने पाणी सोडलं आणि गुडघे टेकून हौदाची कड चोळायला घेतली. लाल पाणी ओघळत मोरीकडे निघालं. बाकी सगळी बाग, ते जुने निळे, ते हिरवे, पाण्याखाली नुसते उजळून निघाले. एका धाग्याने रंग सोडला नाही. मध्यावर मात्र पांढरं टक्कल वर आलं, आवाज ऐकून लेक मागच्या दारात येऊन उभी राहिली तोवर ते परातीएवढं झालं होतं.

"एवढं?" विहीणबाईने विचारलं.

"एवढं. गाठी मारून भरून देईन. कितीतरी वर्षं जातील. दर रविवारी येईन, तुम्ही येऊ दिलंत तर."

विहीणबाई दाराशी गेली आणि तिने सुनेचा हात हातात घेतला. "काल मी तुला नाही नाही ते बोलले गं. तुझ्या आईसमोर बोलले. माझं चुकलं."

जिची काही चूक नव्हती तिने माफी मागून टाकली. कुंचलेबाई ओल्या गालिच्यावर गुडघ्यांवर बसून होती. आपण अजून लेकीची माफी मागितलेली नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. सकाळपासून ती पाण्याबद्दल बोलली, रंगाबद्दल बोलली, गाठींबद्दल बोलली. वर बघायची तिला छाती होईना.

गालिचा धुऊन झाला होता, तो कठड्यावर वाळत घालायला हवा होता. तिने एक टोक धरून उचलून बघितलं. ओला गालिचा एकट्या माणसाला हलत नाही. लेक दाराशी उभी होती, आईकडे बघत, आपण होऊन पुढे न येता. काल आली होती तशी ती आज आली नाही. तिला हाक मारायला हवी होती, आणि हाक मारायलाच तोंड नव्हतं.

"चुकले गं मी," कुंचलेबाई शेवटी म्हणाली, गालिच्याकडे बघतच. मग मान वर करून लेकीकडे बघत पुन्हा म्हणाली, "तुझ्या बाबतीत चुकले."

लेकीने बाह्या वर केल्या, ती अंगणात उतरली आणि तिने दुसरं टोक धरलं.