आधी वजाबाकी : प्रा. त्र्यंबक आडसुळे

सरांनी फळ्यावरचे माझे वेळापत्रक पुसायला सुरुवात केली, तेव्हा मी खडू हातात धरून तिथेच उभा होतो. पहाटेचा अभ्यास गेला. दुपारचे वाचन गेले. संध्याकाळची उजळणी गेली. वर्ग हसत होता.

"घरी पाणी कोण आणतं?" सरांनी विचारले.

"मी."

"शेळ्या कोण सोडतं?"

"मीच."

"तलवाड्याहून रोज येतोस. एसटीची वाट कोण बघतं, तुझा बाप?"

वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत.

"मग हा दिवस कुणाचा लिहिलायस बे? जो वेळ तुझा नाही, तो आधी लिही. तो वजा कर. उरला तर अभ्यास."

प्रा. त्र्यंबक आडसुळे यांची आणि माझी ही पहिली ओळख. ते भूगोल शिकवतात. वेळेचे नियोजन हा विषय कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हता. तरीही प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सर पुस्तक उघडत नाहीत. एकेकाला फळ्यापाशी बोलावून त्याचा दिवस लिहायला लावतात आणि पुसतात. मुले त्यांना 'वजाबाकी सर' म्हणतात. मी आता त्याच महाविद्यालयात मराठी शिकवतो. सरांच्या एकसष्टीच्या या ग्रंथात काही लिहावे, असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मीही आधी काय वजा करायचे याचा विचार केला. विशेषणे वजा केली.

सरांची पद्धत थोडक्यात सांगता येते. उरलेल्या वेळाचे लहान तुकडे करायचे. तुकड्याला विषयाचे नाव द्यायचे नाही, काम द्यायचे. 'अर्थशास्त्र' असे लिहिले की माणूस पुस्तक उघडून बसतो आणि उठतो. 'या धड्याचे एक उत्तर न बघता' असे लिहिले की त्याला ते लिहावे लागते. अवघड ते डोके ताजे असताना करायचे. आठवड्यातला एक तुकडा रिकामा ठेवायचा, कारण घरात कुणीतरी आजारी पडतेच. आणि झोपेतून काही वजा करायचे नाही.

शेवटच्या अटीवर मुले नाराज असत. आमच्या अभ्यासिकेत कमी झोपणाऱ्याला मान होता. पोलीस भरतीची तयारी करणारा एक जण सरांपुढे छाती काढून म्हणाला, "सर, मी झोपतच न्हाई."

"मग वाचलेलं ठेवतोस कुठं?" सरांनी विचारले.

महिन्याभरात तो मैदानावर धावताना कोसळला. घरचे लोक पोहोचेपर्यंत सर दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ होते. त्याला बरे वाटल्यावर सरांनी त्याला आपल्या घरी नेले आणि खोलीचे दार ओढून घेतले. पत्नीला सांगितले, तो उठेपर्यंत कुणी हाक मारायची नाही. भरतीत तो निवडला गेला नाही. सरांकडे अजून येतो.

सर खोटी आशा दाखवत नाहीत. त्यामुळे पुष्कळांना ते आवडत नाहीत. नारायणगडाचे दर्शन घेऊन एक पालक पेढे घेऊन आले होते.

"सर, पोरगं कलेक्टर व्हईल का?"

"बहुतेक नाही."

"मंग शिकविता कावून?"

"तो काय होईल ते मला सांगता येत नाही. उद्या दुपारी काय वाचणार आहे, ते सांगता येतं."

पालक गेले. पेढे ठेवून गेले.

सरांचे चुकले नाही असे नाही. चकलांब्याच्या सविताच्या बाबतीत चुकले. गेल्या वर्षी तिच्या आईचे पिशवीचे ऑपरेशन झाले आणि कोयता मोडला. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे दोन माणसे. वडील, मारुतीराव, तोडणार. मोळ्या बांधून ट्रकपर्यंत वाहायला दुसरे माणूस हवे. सविता तृतीय वर्षाला होती. ती वडिलांबरोबर गेली.

जाण्याआधी सरांनी तिला नियोजन करून दिले होते. उसाच्या फडावर ट्रकची वाट बघत बसावे लागते, तोच तिचा वेळ. त्यात सरांचा जुना नियम होता: अभ्यासाच्या काळात फोन जवळ ठेवायचा नाही. सविताने तो तंतोतंत पाळला. फोन घरी पेटीत ठेवून गेली. परीक्षेची तारीख ठरल्यापेक्षा अलीकडे आली. निरोप पेटीतल्या फोनवर आला. ती नियोजनात लिहिलेल्या दिवशी आली, तेव्हा अर्थशास्त्राचा पेपर होऊन गेला होता.

"सर, तुमीच म्हनला होता, फोन नको म्हून," ती म्हणाली.

"हो. मीच," सर म्हणाले.

यंदा प्रथम वर्षाच्या पहिल्याच तासाला सरांनी हे मुलांना सांगितले. मुलीचे नाव घेतले नाही, आपले घेतले. आता त्यांच्या वेळापत्रकात सर्वांत वर एक ओळ असते: निरोप कोण आणणार?

बाकीचे सगळे पेपर सविता पास झाली. पदवी त्या एका पेपरावर अडकली. आई अजून कामाला उठली नव्हती, म्हणून या हिवाळ्यातही तिला जावे लागले. मारुतीरावांनी सांगून ठेवले होते, या वेळी पेपर निघाला नाही तर उन्हाळ्यात लग्न उरकायचे. पेपरच्या आदल्या दिवशी सर मला म्हणाले, "मोटारसायकल काढ. निरोप आपण आणायचा."

फड शेवगावच्या पुढे होता. आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रक लागलेला होता. सविता मोळ्या वाहत होती.

"सर, पेपरचं म्या इसरलो न्हाई," मारुतीराव म्हणाले. "पर ट्रक आजच लागला. ती गेली तर भरायचा कुनी?"

टोळीचा मुकादम पुढे आला. "मास्तर, टायमटेबल तुमच्या कालिजात. हितं ट्रक आला की भरायचा. पोरगी न्यायची तर न्या. मोळ्या कोन वाहील, तुमी?"

टोळीतल्या बायका हसल्या.

"हो," सर म्हणाले. त्यांनी शर्ट काढून मोटारसायकलच्या हँडलला अडकवला.

"आवो सर, न्हाई जमायचं तुमाला. लोक काय म्हनतील?" मारुतीराव म्हणाले.

"मारुतीराव, आधी ट्रक भरू. लोकांचं नंतर बघू. ती परत येईस्तोवर मी इथंच आहे."

सविता डोक्यावर मोळी घेऊन उभी होती. सरांनी ती उतरवून घेतली. "उजळणी झाली?"

"दोन धडे राह्यलेत सर."

"मोटारसायकलवर म्हण. मोठ्यानं. याला ऐकू गेलं पाहिजे."

मी शर्ट त्यांच्या हातात दिला आणि मोटारसायकल सुरू केली. बांधावरून वळताना मागे पाहिले. सर ट्रकला लावलेल्या फळीवर चढत होते. डोक्यावर मोळी होती. मागून मारुतीरावांनी त्यांच्या पाठीला हात लावला होता. सविताने मागे पाहिले नाही. ती महागाईची कारणे म्हणत होती. वाऱ्यात मला निम्मी ऐकू आली. निम्मी पुन्हा म्हणायला लावली.

त्या दिवसापासून सरांची पाठ धरली आहे. सविताचा निकाल अजून लागायचा आहे. तो काय लागेल, हे सरांना विचारू नये. ते सांगणार नाहीत. सर आता निवृत्त होत आहेत. त्यांना निरोगी, मोठे आयुष्य लाभावे. पाठ बरी व्हावी. आजवर त्यांच्या दिवसातून आम्ही सर्वांनी आमचा वेळ काढून घेतला. यापुढच्या दिवसांतला थोडा तरी त्यांच्यासाठी उरावा. आम्ही मागायला जाऊच. त्यांनी नाही म्हणायला शिकावे.

आम्ही फडावरून निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वेळेवर सुरू झाला. सविता तिच्या बाकावर होती. सर फडावर होते. त्यांचा प्रथम वर्षाचा तास मी घेतला.