दीडशे किलोची नात

ठोकलेली गाडी दाखवा, ती किती वेगात होती ते मिस्त्री पोचा मोजून सांगायचे. तीस वर्षं पत्रे सरळ करण्यात गेली होती. "कसले हो हल्लीचे कागदी पत्रे!" असं गिऱ्हाईक कुरकुरलं की यांचं सुरू: "अहो, पत्रा चुरगळला म्हणून तुमची हाडं शाबूत! टकरीचा जोर कुठंतरी जिरणारच. पत्र्यात नाही जिरला, तर तुमच्यात जिरेल."

आणि असा हा शहाणा माणूस दवाखान्यात सुनेला काय म्हणाला? मुलाची गाडी खांबावर आदळली, सुनेच्या मांडीवरची वर्षाची नात सुटून पुढं आपटली, खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पण मिस्त्री पार भेदरले होते. बोलून गेले, "पोर धरता आली नाही तुला?"

झालं. महिनाभरात हाड जुळलं, पण सून काही लेकीला उचलेना. "माझ्या हातून पडेल," म्हणायची आणि सासूकडे द्यायची.

विम्याची कटकट मिटली आणि गाडी मिस्त्रींच्याच शेडमध्ये आली. सवयीनं त्यांनी टेप लावला. पुढचं तोंड दीड हात आत. म्हणजे वेग पन्नासचा. त्यांनी हातोडी खाली ठेवली. जे परक्यांना रोज ऐकवायचं, ते घरच्या पोरीच्या वेळी कुठं गेलं होतं? अक्कल काय चरायला गेली होती? शेड तशीच उघडी टाकून ते घरी आले.

"सूनबाई, बस जरा. गाडी थांबली, पण पोरगी त्याच वेगात पुढं निघाली होती. दहा किलोची पोर, पण अडवायची म्हणजे त्या क्षणी दीडशे किलो पेलायचे. माझ्या बापाच्यानंही झालं नसतं ते! गाडीत मुलांची सीट बसवली नाही, ही चूक माझी आणि माझ्या लेकाची. आणि बोललो तुला. चुकलो गं."

सून रडायलाच लागली. "मी सोडलं नव्हतं हो, बाबा."

"ठाऊक आहे. पट्टी बांधताना बघितलं ना मी! तिच्या दंडावर तुझी पाचही बोटं निळी उमटली होती. बघितलं, आणि तरी बोललो."

आत नात जागी होऊन रडू लागली. सासू उठायच्या आत सून धावली.