मागच्या खोलीतलं मशीन

आई गेल्यावर तिचं सामान आम्ही गल्लीतल्याच जोशीकाकूंची मागची खोली भाड्याने घेऊन तिथे ठेवलं. वर्षभर मी तिकडे फिरकलो नाही. काल आईचं शिलाई मशीन विकायचं म्हणून गेलो, तर त्यावर हळदकुंकू होतं आणि झेंडूचं वाळलेलं फूल.

"दसऱ्याला माझ्या विळीची, कात्रीची पूजा केली," काकू म्हणाल्या. "मग हे एकटंच कसं ठेवायचं रे? तेलही घातलं."

वस्तू दुसऱ्याच्या घरात राहिली, की हळूहळू त्या घरची होत असावी. मी चाक फिरवलं. ते अगदी हलकं फिरलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्या दसऱ्याला मी काय करत होतो, तेही आठवेना.